मोटारीतला संसार

पाहुणे यायचे असले म्हणजे मध्यमवर्गीय घरात बैठकीची खोली तेवढी आवरली जाते, उरलेला पसारा माजघरात लोटला जातो आणि मधले दार ओढून घेतले जाते. मोटारीत ही सोय नाही. तिला बैठकीची खोली नाही, माजघर नाही आणि मधले दार तर नाहीच. उलट चारही बाजूंना काचा आहेत. त्यामुळे ज्या कुटुंबात पतिपत्नी दोघेही नोकरी करतात, मुले दोन शाळांत आणि तीन शिकवण्यांत विभागलेली असतात आणि वडीलधाऱ्यांना अधूनमधून दवाखान्यात न्यावे लागते, त्या कुटुंबाचा सारा दिनक्रम त्याच्या मोटारीत नुसते डोकावणाऱ्यालाही वाचता येतो.

इंदुरात स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची गाडी नमुन्यादाखल पाहावी. मागच्या आसनावर दप्तर, बॅडमिंटनची रॅकेट आणि धुवायला न्यायचा राहिलेला कालचा डबा. पायाशी शाळेच्या गणवेशातला एक मोजा; दुसरा कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. आसनांच्या फटीत शेवेचा चुरा, कारण इंदूरकर मराठी असला तरी शेवेवाचून त्याचा प्रवास होत नाही. मागच्या काचेखालच्या फळीवर ऑगस्टपासून पडून राहिलेली छत्री. दाराच्या खणात पेट्रोलच्या पावत्या आणि पिशव्यांची एक पिशवी, जी बाजारात गेल्यावर नेमकी गाडीतच राहते. समोरच्या कप्प्यात तीन वर्षांच्या विम्याचे कागद आणि मुदत संपलेली प्रदूषण-तपासणीची प्रमाणपत्रे. वस्तुतः २०१८ पासून वाहनाची कागदपत्रे भ्रमणध्वनीतून दाखवली तरी चालतात; परंतु कागद टाकून द्यायला जो धीर लागतो तो सरकारी कचेरीप्रमाणेच कुटुंबातही दुर्मिळ असतो.

हा पसारा आळसामुळे होतो असे समजणे अन्यायाचे आहे. यातली प्रत्येक वस्तू काही कारणाने गाडीत शिरलेली असते. बाहेर पडण्याचे कारण मात्र तिला मिळत नाही. घरातल्या वस्तूला धनी असतो आणि जागा असते. गाडी म्हणजे दोन ठिकाणांमधली वाट, आणि वाटेवरचे आवरणे हे कोणाच्याच वाटणीला आलेले नसते. शिवाय गाडीतून उतरण्याची घटका ही नेहमी घाईची असते. एका हातात झोपलेले मूल, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. तिसरा हात असता तर बाटली उचलली गेली असती.

त्यात जागेचा मोह. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात असा सिद्धान्त मांडला की, जेवढा वेळ उपलब्ध असेल तेवढा व्यापण्याइतके काम फुगते. तो नोकरशाहीला उद्देशून होता, तरी मोटारीच्या खणांनाही तंतोतंत लागू पडतो. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होणारी अ‍ॅम्बॅसडर किंवा कुर्ल्याची फियाट, जिला पुढे 'पद्मिनी' हे नाव मिळाले, या गाड्यांत पुढचे आसन बाकासारखे सलग असे आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाखाली असे. वस्तू ठेवायला जागा अशी फारशी नव्हतीच. आता दारादारांत खण, दोन आसनांमध्ये पेटी आणि पेल्यांसाठी खळगे आले. पण पसारा नाहीसा न होता फक्त सुस्थित झाला.

मोटारीच्या ज्या भागांत हा पसारा साठतो त्यांची नावेही ध्यानात घेण्याजोगी आहेत. समोरच्या कप्प्याला इंग्रजीत हातमोज्यांची पेटी म्हणतात, कारण उघड्या मोटारींच्या काळात गारठ्यात चालवणाऱ्याला हातमोजे लागत. आपल्याकडे सामानाच्या जागेला सर्रास म्हटला जाणारा 'डिकी' हा शब्द मुळात सामानाचा नाहीच. बग्गीच्या वा मोटारीच्या मागे असलेल्या जादा आसनाचे ते नाव होते. माणूस गेला, तेथे गाठोडे आले, आणि नाव तेच राहिले. जादा चाकाला 'स्टेपनी' म्हणतात, त्यामागे वेल्समधल्या लानेली गावची स्टेपनी स्ट्रीट आहे. आरंभीच्या मोटारींबरोबर जादा चाक नसे. १९०४ साली त्या गावच्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकावरच आवळून बसवता येईल अशी हवा भरलेली धाव तयार केली. इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यातून तो शब्द केव्हाच लोपला. भारतात मात्र खेड्यातला पंक्चरवालाही तो वापरतो.

दिल्ली, मुंबई, अहमदाबाद अशा शहरांत एक निराळीच अडचण आहे. तेथे अनेकांनी गाडीला सीएनजीची टाकी बसवून घेतली आहे. ती टाकी डिकीचा मोठा भाग व्यापते. साहजिकच डिकीतला संसार माणसांत येऊन बसतो.

येथवर सारे गमतीचे आहे. इंधनाचा अपव्यय हा नेहमी सांगितला जाणारा तोटाही फारसा मोठा नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज असा की, सुमारे ४५ किलो जादा वजनामागे गाडीची इंधनकार्यक्षमता १ टक्क्याच्या आसपास घटते. खरा प्रश्न वेगाचा आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतली प्रत्येक वस्तू सेकंदाला २० मीटर या वेगाने जात असते. गाडी कशावर आदळून थांबली तरी सुटी वस्तू त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. मागच्या फळीवर ठेवलेल्या किलोभर वजनाच्या पोलादी बाटलीला त्या वेळी जो मार असतो तो ती २० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण सहा-सात मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडावी इतका असतो. आणि फळी व समोरची काच यांच्यामध्ये माणसांची डोकी असतात.

आसनाखालची बाटली तर अधिक कपटी. सरळ, सपाट रस्त्यावर ती कोठेतरी अडकून पडलेली असते आणि महिनोन्महिने कोणाला तिची आठवणही होत नाही. चालक जोराने ब्रेक दाबतो तेव्हा गाडीचा वेग घटतो, बाटलीचा मात्र घटत नाही. ती गडगडत पुढे येते आणि पायाखालच्या पट्ट्यांजवळ पोहोचते. चालकाने क्षणभर पाय उचलून पुन्हा दाबला, तर ब्रेकच्या पट्टीमागे बाटली अडकलेली असते. ज्या कृतीने गाडी वाचायची त्याच कृतीने बाटली जागची हलते, हे या अपघाताचे खरे मर्म आहे. उतारावर तर ब्रेक दाबण्याचीही वाट ती पाहत नाही.

समोरच्या फळीवरचा गणपती हा नाजूक विषय आहे. परंतु २०१९ च्या जुलैपासून नव्या मोटारींत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्या आसनासाठीही झाली. शेजारची पिशवी बहुधा त्याच फळीच्या आतून, पापणी लवण्याहून कमी वेळात फुगून बाहेर येते. तिच्या झाकणावर चिकटवलेली मूर्ती मग समोर बसलेल्या माणसाकडेच फेकली जाते. देवाला चार बोटे बाजूला बसवल्याने भक्तीत उणेपणा येत नाही. मागच्या आसनावर पट्टा बांधणेही नियमाने आवश्यक आहे. पण त्याची खोबण दप्तराखाली आणि चादरीखाली गाडली गेलेली असते, आणि ती शोधण्यापेक्षा न बांधणे सोपे वाटते.

हेच इंदूरचे कुटुंब मे महिन्यात नाशिकला निघाले आहे असे समजावे. आग्रा-मुंबई महामार्गावर दुपारी जेवणासाठी तासभर थांबणे होते. गाडी उन्हात उभी राहते, आणि तिच्यात आजींची इन्सुलिनची पिशवी राहते. काचेतून ऊन आत शिरते, आतली आसने व फळ्या तापतात, त्यांनी तापवलेली हवा मात्र बाहेर पडू शकत नाही. २००५ साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात असे दिसले की, बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढते, त्यातले बरेचसे पहिल्या अर्ध्या तासात. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. बाहेर ४० अंश असताना आत काय होत असेल हे सांगायला नको. मुलाला 'दोन मिनिटांसाठी' गाडीत बसवून जाणे यामुळेच जिवावर बेतते. इन्सुलिनला तर साधारणतः ३० अंशांपुढचा उष्मा सोसत नाही, आणि ते बिघडले आहे हे पाहून कळेलच असे नाही.

पुढे सेंधवा मागे पडून बिजासनचा घाट लागतो, अंधार होतो आणि मागचे चाक बसते. स्टेपनी डिकीच्या तळाशी, आणि डिकीत आंब्यांच्या दोन पेट्या, चार बॅगा, लोणच्याची बरणी. सारा संसार रस्त्याकडेला मांडल्यावाचून चाक निघत नाही. भ्रमणध्वनीच्या उजेडात पाना शोधला जातो.

"अहो, आधी तो धोक्याचा त्रिकोण लावा गाडीच्या मागं. ट्रक येताहेत."

"तो स्टेपनीच्याही खाली आहे."

"माझी औषधाची पिशवी दुपारी गाडीतच होती का रे?" आजी विचारतात, आणि त्या प्रश्नाला मुलगा किंवा सून कोणीच चटकन उत्तर देत नाही. धुळ्याला पोहोचल्यावर औषधाच्या दुकानातून नवी कुपी घेतली जाते. ती मग आजी मांडीवरच धरून बसतात.

या पसाऱ्याची हक्काची झाडाझडती वर्षातून एकदा होते, ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पूजेसाठी गाडी धुवायची म्हणून. पायपुसणी उचलली जातात, आसने पुढेमागे सरकतात. सुटी नाणी, कानातले एक डूल, शाईचे पेन, पालकांच्या सहीवाचून राहिलेले चाचणीचे गुणपत्रक आणि तो दुसरा मोजा असे सारे अंगणात मांडले जाते. त्यावेळी ज्याचे त्याला कमी आणि जाब विचारणे अधिक असे होते. दुसऱ्या दिवशी नारळ फुटतो, झेंडूचा हार चढतो आणि सोने लुटायला मंडळी गाडीत बसतात. आपट्याची पाने समोरच्या खणात पडतात, आणि हारातून गळलेल्या पाकळ्या दिवाळीपर्यंत तेथेच असतात.