हरवलेल्या वैमानिकांचा शोध

१९१८ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस फ्रान्सच्या आघाडीवर गस्तीसाठीं गेलेलें एक इंग्रजी लढाऊ विमान तळावर परतलें नाहीं. विमान एकाच माणसाचें होतें, आणि तो माणूस मुंबईचा होता. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकर यांनीं केंब्रिज येथें शिक्षण घेतलें होतें. पहिल्या महायुद्धांत ज्या मोजक्या हिंदी तरुणांना इंग्लंडच्या विमानदळांत वैमानिक होतां आलें, त्यांपैकीं ते एक. २३ व्या स्क्वाड्रनमध्यें ते ‘डॉल्फिन’ जातीचें विमान चालवीत. या विमानांत वैमानिकाचें डोकें वरच्या पंखाच्या सांगाड्यांतून बाहेर आलेलें असे. त्यामुळें आकाश चहूंकडे दिसे खरें. पण उतरतांना विमान उलथलें तर पहिला आघात डोक्यावरच व्हावयाचा!

वेलिंकरांचें विमान शत्रूच्या ताब्यांतील मुलुखांत पडलें. घरीं कळविण्यासारखा शब्द एकच होता : बेपत्ता.

मृत्यूची वार्ता कितीही दारुण असली तरी ती कांहींतरी निश्चित सांगते. ‘बेपत्ता’ हा शब्द कांहींच सांगत नाहीं. आपल्याकडे तर अशा घरापुढें आणखी एक प्रश्न उभा राहतो. श्राद्ध कोणत्या तिथीस करावयाचें? मुळांत करावयाचें कीं नाहीं? कायदा सात वर्षें कांहीं वार्ता न लागल्यास मनुष्य मृत झाला असें धरून चालतो. शास्त्रकारांनीं बारा वर्षें वाट पाहण्यास सांगितलें आहे, आणि त्यानंतर पळसाच्या ३६० देठांची आकृति करून तिला अग्नि द्यावा, असा विधि दिला आहे. ३६० देठ म्हणजे देहांतील तितकींच हाडें. ज्याची तिथि ठाऊक नाहीं त्याला सर्वपित्री अमावास्या आहेच. देहावांचून दुःखाला बसावयास जागा मिळत नाहीं, हें आपल्या पूर्वजांनीं किती बारकाईनें ओळखलें होतें!

वेलिंकरांना जर्मनांनीं लष्करी रिवाजाप्रमाणें पुरलें होतें. परंतु नोंद करतांना त्यांचें आडनांव ‘वुमकर’ असें झालें. जर्मन कारकुनाला मराठी आडनांव कोठून ठाऊक असणार? युद्ध संपल्यावर कबरींचा तपास झाला, तेव्हां हा वुमकर म्हणजेच मुंबईचा वेलिंकर, असा उलगडा झाला. आज फ्रान्समधील हांगार येथील युद्धस्मशानांत त्यांच्या स्वतःच्या नांवाची शिळा आहे, आणि मृत्यूची तारीख ३० जून १९१८ अशी नोंदलेली आहे. तारीख कळली म्हणजे जुन्या पंचांगावरून तिथि काढतां येते.

पायदळांतला शिपाई पडतो तेव्हां शेजारचा सोबती तें पाहतो. वैमानिकाचें तसें नसतें. तो ढगांत, समुद्रावर किंवा शत्रूच्या मुलुखावर एकटा पडतो, आणि पुष्कळदां विमानासह जळून जातो. ज्यांची ओळखच पटली नाहीं अशांच्या शिळांवर ‘हा कोण तें ईश्वरच जाणे’ या अर्थाचे शब्द असतात. ते सुचविले रुडयार्ड किपलिंग यांनीं. त्यांचा जन्म १८६५ सालीं मुंबईंतच झाला, वडील जे. जे. कलाशाळेंत शिकवीत. किपलिंग यांचा मुलगा जॉन हा पायदळांत होता. १९१५ सालीं लूजच्या लढाईंत तो नाहींसा झाला. १९३६ सालीं ते वारले तोंवर मुलाची कबर त्यांना मिळाली नव्हती. १९९२ सालीं एका अनाम शिळेवर जॉनचें नांव घातलें गेलें. त्या ओळखीविषयीं अभ्यासकांत पुढें पुष्कळ वाद झाला, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या महायुद्धांत आसामांतून हिमालयावरून चीनकडे जो हवाई मार्ग चालू होता, त्यावर सुमारें ६०० विमानें नष्ट झालीं. त्यांपैकीं एक अमेरिकन बॉम्बर २५ जानेवारी १९४४ रोजीं आठ माणसांसह नाहींसें झालें. २००६ सालीं अरुणाचल प्रदेशाच्या डोंगरांत त्याचे अवशेष क्लेटन कूल्स या गिर्यारोहकास सांपडले. अशा वेळीं प्रथम विमानाचा क्रमांक शोधतात. क्रमांकावरून त्या दिवशींच्या माणसांची यादी निघते. मग जमीन चौकटी आंखून उकरतात, माती चाळणींतून चाळतात, आणि हाडाचा किंवा दाताचा लहानसा तुकडाही टाकून देत नाहींत. पण यादींत नांवें आठ असतात, आणि कोणता तुकडा कोणाचा हें यादी सांगूं शकत नाहीं. तें सांगते आनुवंशिक द्रव्याची परीक्षा. पेशींतील कांहीं द्रव्य केवळ आईकडून आणि कांहीं केवळ बापाकडून उतरतें. म्हणून दूरच्या नातलगाचाही नमुना जुळवून पाहतां येतो.

येथें उत्खनन झालें तें २०१५ सालीं, म्हणजे विमान सांपडल्यावर नऊ वर्षांनीं. २०१६ च्या एप्रिलमध्यें दिल्लींत सन्मानपूर्वक निरोप देऊन अवशेष अमेरिकेस पाठविण्यांत आले. त्यांतून लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली, आणि २०१७ च्या जूनमध्यें जॉर्जिया प्रांतांतील त्यांच्या कॉन्कर्ड गांवीं त्यांना मूठमाती देण्यांत आली. मध्यें ७३ वर्षें लोटलीं होतीं. इतक्या वर्षांनीं वाट पाहणारें कोण उरतें, असें कोणी विचारील. पण गांवानें त्यांना आपला म्हणून नेलें, हें कांहीं थोडें नव्हे.

आपल्या विमानदळांतील ज्या तरुणांचा ब्रह्मदेशाच्या आकाशांत मागमूस लागला नाहीं, त्यांचीं नांवें सिंगापूर येथील क्रांजीच्या स्मारकावर कोरलेलीं आहेत. हीं स्मारकें व स्मशानें सांभाळणाऱ्या युद्धकबर मंडळाची नोंदवही आतां घरबसल्या संगणकावर कोणालाही पाहतां येते. आजोबा किंवा पणजोबा युद्धावरून परतले नाहींत, अशी कथा ज्या घरांत चालत आली असेल त्या घरानें ती एकदां अवश्य चाळावी. मात्र आडनांव एकाच तऱ्हेनें शोधून थांबूं नये. इंग्रजी कारकुनांनीं ‘कर’ आणि ‘वाडे’ यांचीं जीं रूपें केलीं आहेत तीं सर्व तपासावीं, आणि नांव न मिळाल्यास पलटणीचें किंवा तुकडीचें नांव घेऊन पुन्हां पाहावें.