विश्लेषण : उघड्या टपाची जुनी मोटार घ्यावी का? ती चालवण्याजोगी कशी होते?

हिवाळ्यात मुंबई-पुण्यात जुन्या मोटारींच्या फेऱ्या निघतात, तेव्हा टप उघडता येणाऱ्या गाड्यांभोवती हमखास गर्दी जमते. अशी एखादी गाडी आपल्याकडेही असावी, असे अनेकांना वाटते. मात्र हौसेने घेतलेल्या अशा गाड्या पुढे बरेचदा आवरणाखाली उभ्या राहतात. रंग चकचकीत असतो, पण ब्रेकवर भरवसा नसतो, वाहतुकीत इंजिन तापते आणि दार नीट लागत नाही. असे का होते आणि ते टाळता कसे येते, याचा जगभर चाहते असलेल्या ‘एमजीबी’ या ब्रिटिश गाडीच्या उदाहरणावरून घेतलेला हा आढावा.

उदाहरण एमजीबीचेच का?

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार झाली. बंद टपाची ‘जीटी’ धरून पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि त्यांतील निम्म्याहून अधिक अमेरिकेत गेल्या. गाड्या मोठ्या संख्येने शिल्लक असल्याने जवळपास प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो. ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ने १९८८ पासून तिची संपूर्ण बॉडीही नव्याने बनवायला घेतली. यंत्ररचना साधी आहे. १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, दोन ‘एसयू’ कार्बोरेटर, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक. हे इंजिन ‘बीएमसी’च्या ‘बी-सीरिज’ कुळातले. याच कुळातल्या १४८९ सीसी इंजिनावर आपल्याकडची ॲम्बेसेडर अनेक वर्षे धावली. त्यामुळे ॲम्बेसेडरवर हात बसलेल्या जुन्या मिस्त्रीला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर फारसे परके वाटत नाही. दोन्हींचे सगळे भाग मात्र एकमेकींना बसत नाहीत.

खरेदीपूर्वी सर्वांत आधी काय पाहावे?

बहुतेक जण आधी इंजिनाचा आवाज ऐकतात. पाहायचा असतो तो पत्रा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. बंद गाडीत टपही भार पेलते. उघड्या गाडीत टपाचा आधार नसल्याने तो भार मुख्यतः दाराखालच्या पेटीसारख्या भागावर, म्हणजे ‘सिल’वर येतो. सिल अनेक थरांच्या पत्र्याची असते आणि ती आतून गंजत जाते. बाहेरून पुट्टी आणि रंग मारला की काही दिसत नाही.

यासाठी एक जुनी परीक्षा आहे. दार उघडझाप करून पाहावे, मग गाडीची एक बाजू जॅकवर उचलून पुन्हा तेच करावे. दार अडकू लागले किंवा दाराच्या फटी कमी-जास्त झाल्या, तर गाडी मधून वाकते आहे, असे समजावे. लोहचुंबक कापडात गुंडाळून सिलवरून फिरवावे. पुट्टी जाड असेल तिथे ते चिकटत नाही. पायाखालचा गालिचा उचलून फरशीचा पत्रा पाहावा. सीटच्या मागे बॅटरीच्या पेट्या आणि मागचे पाटे जिथे बॉडीला जोडले आहेत, त्या जागाही गंजाच्या आवडत्या आहेत.

इंजिन महिनाभरात उघडून बांधता येते. सिल बदलण्याचे काम मात्र कौशल्याचे आहे. दाराच्या चौकटीला आडवे आधार न लावता जुनी सिल कापली, तर वाकलेली गाडी वाकलेलीच जोडली जाते आणि दारे पुढे कधीच नीट बसत नाहीत. म्हणून इंजिन थकलेली पण पत्रा धड असलेली गाडी, इंजिन उत्तम पण पत्रा सडलेल्या गाडीपेक्षा अखेरीस स्वस्त पडते.

कोणत्या काळातली गाडी बरी?

१९६४च्या अखेरीपासून इंजिनाचा क्रँकशाफ्ट तीनऐवजी पाच बेअरिंगवर बसवला गेला. १९६७च्या अखेरीस पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश आला आणि डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसला. त्याआधीच्या गाड्यांमध्ये विजेचा धन ध्रुव बॉडीला जोडलेला असतो. हे न पाहता आजचा चार्जर किंवा रेडिओ जोडला तर तो जळतो. १९७४च्या उत्तरार्धात अमेरिकेतील नियमांसाठी क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही इंच-दीड इंच वाढवली गेली. त्यामुळे ती वळणावर अधिक झुकते. क्रोम बंपरच्या गाडीला मागणी जास्त असते, रबरी बंपरची तुलनेने स्वस्त मिळते. गाडीत ‘ओव्हरड्राइव्ह’ असेल तर तो मोठा लाभ आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाला इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण ३,५०० वरून २,८०० वर येतात. उघड्या गाडीत गप्पा ऐकू येणे वा न येणे यावर अवलंबून असते.

चालवण्याचा आनंद कशाने परत येतो?

अधिक ताकदीने नव्हे. सुमारे ९५ अश्वशक्तीची ही गाडी साधारण एक टन वजनाची आहे. तेवढी ताकद तिला पुरते. ‘जुन्या गाड्या अशाच चालतात’ ही तक्रार बरेचदा जुन्या रचनेची नसून झिजलेल्या भागांची असते. म्हणून क्रम महत्त्वाचा.

पहिला क्रमांक थांबण्याचा. ब्रेकच्या रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसतात, पण आतून फुगतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेले असते. टायरच्या बाजूवर चार अंकांत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. दहा वर्षे उलटलेला टायर बदलावाच.

दुसरा क्रमांक वळण्याचा. सस्पेन्शनचे रबरी बुश, तेल गळून रिकामे झालेले शॉक ॲब्जॉर्बर आणि ग्रीसअभावी घट्ट झालेले किंगपिन, या तीन गोष्टी दुरुस्त केल्या आणि चाकांचे अलाइनमेंट केले की स्टिअरिंग हलके आणि नेमके होते. खर्चाच्या मानाने सर्वाधिक फरक इथे जाणवतो.

तिसरा क्रमांक सुरू होण्याचा. ब्रिटिश गाड्यांच्या वायरिंगची बरीच थट्टा होते, पण दोष बहुतेकदा गंजलेल्या अर्थिंगचा असतो. बॅटरी, इंजिन आणि बॉडी यांमधील जोड घासून घट्ट केले तरी मिणमिणते दिवे उजळतात. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसते. ते बाहेरून दिसत नाही आणि हवे तेव्हा काढताही येते.

उष्णता आणि इथेनॉलचे काय?

मूळ रचना थंड देशातली असल्याने आपल्याकडे इंजिन तापते. त्यावर थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय सर्रास केला जातो, पण तो चुकीचा आहे. त्याने इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त जळते. रेडिएटरची जाळी नवी करणे, इंजिन ब्लॉकमधील गाळ धुऊन काढणे आणि गरज वाटल्यास इलेक्ट्रिक पंखा बसवणे हा खरा मार्ग.

आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलची नळी मऊ पडून गळू लागली आणि खाली तापलेला सायलेन्सरचा पाइप असला, तर आगीचा धोका आहे. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि कार्बोरेटरची तशीच सील बसवणे हे म्हणूनच पहिल्या आठवड्यातले काम. इथेनॉल पाणी शोषते, त्यामुळे गाडी महिनोन्महिने एकाच पेट्रोलवर उभी ठेवू नये. ती पावसाळ्यात प्लास्टिकच्या आवरणाखालीही ठेवू नये. आत वाफ कोंडते आणि गंज वाढतो. सिल आणि दारांच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी असलेली छिद्रे मोकळी ठेवावीत.

भारतातील नियम काय सांगतात?

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, फेरनोंदणीचे पाच हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक राखता येतो.

सर्वांत महत्त्वाची अट पुढची आहे. व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोज किंवा व्यवसायासाठी वापरता येत नाही. फेरी, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे रोज ऑफिसला नेण्याच्या इराद्याने कुणी ही नोंदणी करू नये. खरेदीपूर्वी चासी आणि इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत. आयात गाडी असेल तर सीमाशुल्काचे ‘बिल ऑफ एन्ट्री’ मागावे. कागद नंतर देतो, असे सांगणाऱ्याला पैसेही नंतरच द्यावेत.

मग बदल किती करावेत?

ब्रिटनमध्ये ४० वर्षे उलटलेल्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण मोठे फेरफार केले तर तीही जाऊ शकते. दोन्हीकडच्या नियमांचा रोख एकच आहे. म्हणून कसोटी सोपी ठेवावी : केलेला बदल पुन्हा मूळ रूपात आणता येतो का? इग्निशन, पंखा, नळ्या, टायर या कसोटीला उतरतात. वेगळे इंजिन किंवा कापलेली बॉडी उतरत नाही. गंजलेला पत्रा बदलताना कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रे व बिले जपून ठेवावीत. पुढे मूळपणाचा प्रश्न निघाला तर तीच कामी येतात.

सीटबेल्टला मात्र तडजोड नको. या गाडीत एअरबॅग नाही आणि गाडी उलटली तर डोक्यावर पोलादी टपही नाही. जुने पट्टे विरले असतील तर गाडीच्याच मूळ जागी नवे तीन टोकांचे पट्टे बसवावेत. जी गाडी वेळेत थांबते, सरळ चालते आणि हाक दिल्यावर सुरू होते, ती रविवारी सकाळी आवरणाखालून आपोआप बाहेर निघते.