परभाषेसाठी परदेश हवाच का?

मागल्या दिवाळीत आम्ही फराळाला बसलो असताना वसईच्या आमच्या शेजारीणबाई आल्या. करंजी हातातच धरून त्यांनी विचारले, “मास्तर, धाकटीला नर्स म्हणून जर्मनीला जायचंय. एक गृहस्थ म्हणतात, आधी सहा महिने तिकडे राहिल्याशिवाय भाषा तोंडात बसायची नाही. पाण्यात पडलं की पोहता येतं, म्हणे! त्यासाठी वाडीचा तुकडा विकू का?”

प्रश्न भाषेचा होता, पण पणाला लागली होती सासऱ्यांच्या हातची केळीची वाडी.

मी म्हटले, “बाई, उत्तर आपल्या वसईतच आहे.” १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षे, येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. परदेशच दारात आला होता म्हणा ना! तरीही आमच्या कुपारी मंडळींच्या घरात बोली राहिली ती कादोडीच. पोर्तुगीजांकडून पाव, चावी, बटाटा, पगार असे शब्द तेवढे आपण घेतले. उलट रेवदंड्याजवळचे कोर्लई पाहा. १७४० साली पोर्तुगीज तेथून गेले, तरी तेथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली बोली आजही ऐकू येते. बोलणाऱ्यांनी लिस्बन कुठे पाहिले आहे? पण आई मुलाला त्या बोलीत जेवायला हाक मारते, म्हणून ती टिकली.

आणि आपले बाळशास्त्री जांभेकर? कोकणातल्या पोंभुर्ल्याचा हा मुलगा विलायतेला कधी गेला नाही. पण १८३२ साली ‘दर्पण’ काढले ते मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत!

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फादर स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही मराठीत! इंग्लंडात बसून हे झाले नसते. परंतु त्यांच्या आगेमागे कितीतरी गोरे या किनाऱ्यावर उतरले. त्यांतल्या कितीजणांनी ओवी रचली?

तेव्हा परदेशवासाने मिळते ते काय? कानाला सवय होते, आणि बोलल्यावाचून गत्यंतर नसल्यामुळे भीड चेपते. वेगाने बोलणे कळू लागते, हेही खरेच. पण यातले पुष्कळसे घरी साधते. रोज तासभर ऐकावे, ऐकलेले मोठ्याने म्हणावे, आणि चुका सुधारणारे कोणी गाठून आठवड्यातून दोनदा तरी बोलावे. चुकायला लाजणारा माणूस बर्लिनलाही मुकाच राहील!

शिवाय व्यवहार पाहा. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यासाठी साधारणतः बी-२ पातळी लागते, आणि ती परीक्षा मुंबईत मॅक्सम्युलर भवनात देता येते. मग वाडी कशाला विकायची?

बाईंनी वाडी राखली. मुलगी चर्चगेट लोकलमध्ये कानात यंत्र घालून पुटपुटत जाते. शेजारच्या बायका आधी हसत, आता जागा देतात. बी-१ झाली आहे, बी-२ व्हायची आहे. परवा बाई कौतुकाने तक्रार करीत होत्या, “मास्तर, आता ती माझ्याशीही जर्मनच बोलते हो!”

मी म्हटले, “मग तुम्हीही उत्तर द्या. तिचा परदेश तुमच्या स्वयंपाकघरातच होऊ द्या!”