सिॲटलची डेनी टेकडी कोठें गेली ?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वायव्य टोंकास, प्युजेट साउंडच्या एलियट उपसागरावर सिॲटल शहर वसलेलें आहे. त्याच्या मध्यवस्तीच्या उत्तरेस डेनी टेकडी होती; आज तेथें सपाट रस्ते आहेत. टेकडीच्या मातीनें दक्षिणेकडील खाजण बुजविलें, असा समज पुष्कळांचा आहे. तो बव्हंशीं चुकीचा आहे, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

रेजिनाल्ड टॉमसन हे १८९२ सालीं शहराचे मुख्य इंजिनियर झाले. चढाच्या रस्त्यांवरून घोड्यांस ओझीं ओढवत नसत व व्यापार उत्तरेकडे वाढत नसे. म्हणून टेकडीच काढावी असें त्यांनीं ठरविलें. टेकडी खडकाची नव्हती. प्राचीन हिमनद्यांनीं टाकलेल्या चिकणमाती, वाळू व गोटे यांची होती. १८९८ सालीं कडेचा पहिला रस्ता खोदला गेला. माथ्यावरील ज्या हॉटेलांत १९०३ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट उतरले होते, तें तीनच वर्षांनीं पाडावयास काढलें.

१९०८ ते १९११ या काळांत लेक युनियन सरोवराचें पाणी पंपानें आणून, मोठ्या नळांच्या जोरदार धारांनीं पश्चिमेचा भाग कापला. गाळ पन्हळींतून व बोगद्यांतून थेट उपसागरांत सोडला. ज्या मालकांनीं संमति दिली नाहीं, त्यांचीं घरें मातीच्या उंच खांबांवर कांहीं काळ अधांतरीं उभीं राहिलीं.

उरलेला भाग १९२९-३० सालीं यांत्रिक फावड्यांनीं खोदला. सुमारें ४० लाख घनयार्डांहून अधिक माती सरकत्या पट्ट्यांवरून किनाऱ्यास येई व तराफ्यांत भरली जाई. हे तराफे वरून व खालून सारखेच बांधलेले होते. एका बाजूच्या टाकींत पाणी घेतलें, कीं तराफा उलटा होऊन माती तळाशीं जाई व तोच तराफा पुन्हा भरावयास सिद्ध होई. याप्रमाणें उपसागराच्या तळावर ढीग साचले व तेथील मूळ चिखल त्यांखालीं गाडला गेला.

दक्षिणेकडील खाजणाची भर मुख्यत्वें जॅक्सन व डिअरबॉर्न रस्त्यांच्या खोदाईची आणि डुवामिश नदीच्या गाळाची आहे. १९०९ सालीं पुरें झालेलें हार्बर बेट त्याच भरणीचें. हा भेद क्षुल्लक नव्हे. २८ फेब्रुवारी २००१ च्या भूकंपांत याच भरणीची वाळू पाण्यासारखी पातळ होऊन जमीन खचली. कोणत्या घराखालीं कोणती माती आहे, हें तेथील रहिवाशांच्या जीविताशीं निगडित आहे.

सपाट केलेल्या जमिनीचा लाभ मात्र लवकर मिळाला नाहीं. काम संपलें तेव्हां महामंदी आली होती, आणि पुष्कळ भूखंड कित्येक दशकें रिकामे किंवा मोटारी उभ्या करण्याच्या उपयोगाचे राहिले. डोंगर गेला तो व्यापारासाठीं; व्यापार आला तो दोन पिढ्यांनंतर.

म्हणून अशा शहराचा इतिहास लिहितांना नगरपालिकेच्या दप्तराबरोबर समुद्रतळाची मोजणीही साधन म्हणून तपासली पाहिजे, असें आमचें मत आहे.