केकवरचं फूल आणि रुखवताची बोटं

मेणबत्तीच्या ज्योतीशेजारी ऑर्गेन्झाची पांढरी चकती धरली, की तिची कड क्षणात आत वळते आणि सपाट कापडाची पाकळी होते. ज्योतीच्या वर धरली तर काजळी बसते. बाजूला धरली तर कड स्वच्छ राहते. लग्नाच्या केकवर लावायचं कापडी फूल इथून सुरू होतं. हे ऑर्गेन्झा पॉलिएस्टरचं असतं. पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून वळलेली कड तशीच राहते आणि धागेही सुटत नाहीत. सुती कापड वळत नाही, जळतं.

या फुलासाठी सुरतेतल्या पांडेसऱ्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. इथल्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्या आहेत, रिंग रोडच्या बाजारात ऑर्गेन्झा, साटीन, नेट हवं तेवढं मिळतं. आणि इथे खानदेशची माणसं आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्तीकाठच्या रेल्वेने येऊन उधना, लिंबायत, पांडेसरा भागात स्थिरावलेली. सुरतेत साडीवर टिकल्या चिकटवणं, लेस लावणं, धागे कापणं ही कामं बायका घरी बसून नगावर करतात. बारीक कामाला सरावलेली बोटं इथे घरोघर आहेत.

केकवर शोभेची वस्तू ठेवण्याची रीत युरोपातली. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या लग्नाच्या केकवर साखरेच्या मूर्ती होत्या. पण खाण्याच्या पदार्थाला सजवून मांडवात मांडणं आपल्याला नवं नाही. रुखवतात आपण तेच करत आलो. लाडू-करंज्यांची ताटं, कागदाची आणि लोकरीची फुलं, मण्यांची तोरणं. आता साखरपुड्याला, हळदीला, रिसेप्शनला केक आला, तर त्यावर रुखवताचीच कला बसली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. परदेशी गुलाबच कशाला? झेंडू, मोगरा, अबोली, शेवंती का नको? वधूच्या शालूचा रंग घ्यावा, केकवर नवरा-नवरीच्या बाहुल्या असतील तर त्यांच्या कपाळी मण्यांच्या मुंडावळ्या बांधाव्यात.

कृती अवघड नाही, पण सबुरी लागते. सात ते तीन सेंटिमीटरपर्यंत उतरत्या मापाच्या पाच-सहा चकत्या कापायच्या. प्रत्येकीला कडेकडून मध्याकडे चार-पाच चिरा द्यायच्या, कडा शेकायच्या, मोठीवर लहान रचून मध्ये मणी टाकून शिवायच्या. शेजारी पाण्याचं भांडं आणि उघडी खिडकी हवीच. फुलं बारीक तारेवर बांधून वर हिरवी टेप गुंडाळायची. सात-आठ इंचांच्या केकवर तीन-चार इंचांचा गुच्छ पुरे. जड झाला तर क्रीम खचतं. ग्लू गनने काही चिकटवलं असेल तर तो डिंक उन्हात तापलेल्या गाडीत मऊ पडतो, म्हणून गुच्छ डब्यात वेगळा न्यावा आणि हॉलवर पोचल्यावर लावावा.

साखरेच्या पेस्टची फुलंही सुंदर होतात, पण सुरतेच्या पावसाळी दमट हवेत ती ओल धरून मान टाकतात. ताज्या फुलांत धोका वेगळा. बाजारातल्या गुलाबावर कीटकनाशक फवारलेलं असू शकतं. कण्हेर, रुई, धोतरा ही विषारी फुलं केकजवळही नकोत, चाफ्याचा चीकही नको. फूल कोणतंही असो, उघडी तार केकमध्ये खुपसू नये. ती खाण्याच्या वस्तूंसाठीच्या स्वच्छ स्ट्रॉमध्ये घालून स्ट्रॉ रोवावी, खाली बटर पेपरची चकती ठेवावी. केक कापण्याआधी गुच्छ, तारा, टाचण्या सगळं मोजून काढून घ्यावं, कारण केकचा घास पोरांच्याही हातात जातो.

कापडी फुलाचा मोठा गुण म्हणजे ते उरतं. केक संपतो, गुच्छ काचेच्या पेटीत लग्नाच्या फोटोशेजारी राहतो. म्हणून त्याचा दाम कापडाच्या तुकड्यावरून ठरवू नका. एका गुच्छामागे कित्येक तासांचं काम असतं. घरच्या लग्नाला असा गुच्छ करून घ्याल तेव्हा महिनाभर आधी सांगा, शालूचा तुकडा किंवा फोटो द्या, घासाघीस करू नका, आणि पाहुण्यांनी विचारलं तर करणारीचं नाव आवर्जून सांगा.