तळ्यातला काचेसारखा मासा : मारावा की राखावा?



पावसाळ्याच्या तोंडावर एक प्रश्न बऱ्याच गावांतून विचारला जातो. गावतळं मत्स्यपालनासाठी घेतलेलं असतं. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडायची तयारी चाललेली असते. तेवढ्यात कुणीतरी ओंजळीत पाणी घेऊन येतो. त्यात बोटाच्या पेराएवढे, आरपार दिसणारे मासे वळवळत असतात. एक जण म्हणतो, "हे तण आहे. मोहाची पेंड टाका आणि तळं साफ करा." घरातली म्हातारी म्हणते, "अरे, याच माशांच्या कालवणावर आमची पोरं वाढली. मारता कशाला?"

आता दोघांत खरं कुणाचं? दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. कोणतं तळं आहे आणि कोणता मासा आहे, यावर उत्तर ठरतं. तेच आज समजून घेऊ.

मासा ओळखायचा कसा?

या माशाला गावोगाव वेगळी नावं आहेत. आपण या पत्रकापुरतं त्याला काचमासा म्हणू. बंगालकडे त्याला 'चांदा' म्हणतात. फ्रान्सिस हॅमिल्टन या साहेबानं १८२२ साली गंगेतल्या माशांवर पुस्तक छापलं. त्यात त्यानं या माशांची नोंद 'चंदा' याच नावानं केली. शास्त्राच्या पुस्तकात ते नाव आजही चालू आहे.

हा मासा उन्हाकडे धरून बघा. पाठीचा कणा दिसतो, बरगड्या मोजता येतात. पोटाजवळ मात्र एक चांदीसारखी चकाकती पिशवी दिसते. आतडी आणि इतर नाजूक अवयव त्या पिशवीत असतात. अंगात रंगद्रव्य फार थोडं, म्हणून उजेड आरपार जातो. पाण्यात त्याची सावलीसुद्धा धड पडत नाही. बगळा, खंड्या, मरळ यांच्या नजरेतून निसटायला त्याला याचा उपयोग होतो. मेल्यावर मात्र तो पांढरट होतो. अंड्याचा बलक शिजल्यावर बदलतो तो नव्हे, बलकाभोवतीचा पातळ भाग जसा पांढरा होतो, तसाच हा प्रकार.

पाठीवर दोन पर असतात. पुढच्या पराचे काटे टणक असतात. हाताळताना ते टोचतात, तेव्हा जपून.

आपल्या नद्या-तळ्यांत याच्या दोन जाती मुख्य आहेत. त्यांच्यातला फरक ओळखणं महत्त्वाचं आहे.

पहिली जात अंगानं गोलसर, पानासारखी चपटी. तोंड लहान. बहुधा तीन ते पाच सेंटिमीटर, क्वचित आठपर्यंत वाढते. पुस्तकात हिचं नाव 'पॅराम्बॅसिस रंगा'. आपण हिला गोल काचमासा म्हणू.

दुसरी जात अंगानं लांबट. खालचा जबडा पुढे आलेला, दात टोकदार. ही दहा-अकरा सेंटिमीटरपर्यंत वाढते. हिचं नाव 'चंदा नामा'. ही आपली लांबट काचमासा.

याशिवाय कोकणात आणि गोव्यात खाडीच्या मचूळ पाण्यात यांचे भाऊबंद सापडतात. भरतीबरोबर ते खाजणात शिरतात. खाडीतल्या मोठ्या माशांचं ते खाद्यच आहे. रायगडकडचे शेतकरी तळ्यात जिताडा पाळतात. त्यांना हे सांगायला नको, की जिताडा बारीक माशांवरच पोसला जातो.

खातात काय?

गोल काचमासा पाण्यातले बारीक जीव खातो. साध्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाणकिडे, अळ्या, बारीक कृमी हा त्याचा आहार. डासाची अळी समोर आली, तर तीही सोडत नाही.

लांबट काचमाशाची सवय निराळी आहे. तो किडे खातोच, पण दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवलेही ओरबाडून खातो. ऐकायला नवल वाटेल, पण त्याच्या पोटात दुसऱ्या माशांचे खवले सापडलेले आहेत. मोठ्या माशाला याचं फारसं काही होत नाही. पण बोटभर पिलाचे खवले गेले, की तिथं जखम होते आणि रोग शिरायला वाट मिळते.

म्हणजे आरपार दिसणारा प्रत्येक मासा सारखा नाही. गोल आणि लांबट हा भेद करायला शिका.

संगोपन तळ्यात दयामाया नको

मत्स्यजिरे सोडायचं तळं वेगळं आणि बोटुकली वाढवायचं तळं वेगळं. संगोपन तळ्यात जिरे सोडतो, तेव्हा ते डोळ्यांच्या पापणीच्या केसाएवढे असतात. त्यांना पहिले काही दिवस पाण्यातले तेच बारीक जीव खायला लागतात, जे काचमासा खातो. एका ताटात दोघं जेवायला बसले, की धाकट्याची उपासमार होते. त्यात लांबट जात असेल, तर नुकसान आणखी. म्हणून संगोपन तळं काचमाशांपासून आणि सगळ्याच जंगली माशांपासून मोकळं हवं.

ते कसं करायचं?

उन्हाळ्यात तळं आटवता येत असेल, तर आटवा. तळाला भेगा पडेपर्यंत ऊन खाऊ द्या. हा सर्वांत स्वस्त आणि बिनविषारी उपाय.

आटवणं शक्य नसेल, तर बारीक आसाचं जाळं चार-पाच वेळा ओढा. तेवढ्यानं भागलं नाही, तरच मोहाची पेंड वापरा. एक हेक्टर तळ्यात एक मीटर पाणी असेल, तर २,५०० किलो पेंड लागते. म्हणजे दहा गुंठ्याच्या तळ्याला तेवढ्याच पाण्यात साधारण २५० किलो. पेंड भिजवून सगळीकडे सारखी पसरा. तिचा जहालपणा उतरायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर जिरे सोडू नका आणि त्या पाण्यावर गुरं नेऊ नका. पुढे तीच पेंड कुजून तळ्याला खत होते.

पाणी आत घेताना तोंडाला दाट कापड किंवा बारीक जाळी बांधा. नाहीतर ओढ्याच्या पाण्याबरोबर काचमासे पुन्हा आत येतील. पावसाळा हाच त्यांचा विणीचा हंगाम. अंडी चिकट असतात, पाणवनस्पतींना चिकटून राहतात. म्हणून दुसऱ्या तळ्यातली शेवाळ किंवा पाणगवत आणून टाकू नका. त्याबरोबर अंडीही येतात.

गावतळ्यात हात आवरा

मोठ्या गावतळ्याची गोष्ट वेगळी. विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे माजी मालगुजारी तलाव आहेत. असं तळं एकट्या मत्स्यपालनाचं नसतं. त्यावर गुरं पाणी पितात, बाया धुणं धुतात, खालची धानाची शेती भिजते. अशा पाण्यात पेंड टाकायची म्हणजे एकाच्या फायद्यासाठी सगळ्या गावाची अडचण. शिवाय पेंडीला निवड करता येत नाही. काचमासा मरतो, तसे बाकीचेही देशी मासे मरतात.

मग बीज सोडायचं कसं? मोठं बीज सोडा. जिरे किंवा अर्धबोटुकली न सोडता दहा सेंटिमीटरपर्यंत वाढलेली बोटुकली सोडली, तर गोल काचमासा तिचं काही बिघडवू शकत नाही. लांबट जात फार झाली असेल, तर जाळं ओढून ती कमी करा. हेक्टरी ५,००० बोटुकली हे बेताचं प्रमाण आहे. खाद्याची वाटणी थोडीफार होईल, ती मान्य करावी लागते. पण मरळीसारख्या मोठ्या शिकारी माशाइतकं नुकसान गोल काचमासा करत नाही. आधी काढायची तर मरळ काढा, ती बाजारात पैसेही देते.

शेजारच्या बांगलादेशातला अनुभव बघण्यासारखा आहे. तिथंही एकेकाळी तळी साफ करताना सगळे लहान मासे विष घालून मारायचा सल्ला होता. पुढे १९९० नंतर 'मोला' नावाचा लहान देशी मासा कार्प माशांबरोबर एकाच तळ्यात ठेवून प्रयोग झाले. तळ्याचं एकूण उत्पादन त्यामुळे बुडालं नाही. मोठा मासा बाजारात गेला आणि लहान मासा घरच्या ताटात आला. मोला म्हणजे काचमासा नव्हे, हे खरं. पण लहान मासा दिसला की शत्रू समजायचं कारण नाही, एवढा धडा त्यातून घेता येतो.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. पिकावर मारायचं कीटकनाशक पाण्यात ओतून मासे मारू नका. अशानं मेलेला मासा खाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो, पाणी पिणाऱ्या गुरांचंही तेच. पाण्यात विष घालून किंवा सुरुंग लावून मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे.

डास आणि नारू

जुन्या लोकांना नारूचा रोग आठवत असेल. पायातून हातभर दोरा निघायचा, ऐन पेरणीत माणूस अंथरुणाला खिळायचा. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी न गाळता प्यायल्यानं तो व्हायचा. त्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवात नारूचं पिल्लू असायचं. भारतात नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. हे यश मुख्यतः पाणी गाळून पिण्याचं, हातपंपांचं आणि पायऱ्या बंद करण्याचं. पण पाण्यातले असे बारीक जीव खाऊन कमी करण्याचं काम लहान मासे पूर्वीपासून करत आले आहेत.

डासांचंही तसंच. काठाला गवत असलेल्या संथ पाण्यात अळ्या होतात आणि गोल काचमासा नेमका अशाच पाण्यात वावरतो. मात्र सगळा भार त्याच्यावर टाकू नका. घरातले रांजण, टाक्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा. अंगणातल्या फुटक्या मडक्यात मासा जाऊन अळी खाणार नाही.

ताटातला उपयोग

मोठ्या माशाचे काटे आपण काढून टाकतो. काचमासा काट्यांसकट खाल्ला जातो आणि हाडांतला चुना, म्हणजे कॅल्शियम, पोटात जातो. वाढत्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना त्याची गरज असते. बाजारात या माशाला भाव नाही, म्हणून तो हलका समजू नका. भाव नसल्यामुळेच तो विकला न जाता घरात राहतो.

करताना पोट दाबून आतली घाण काढावी, नाहीतर कडवट लागतं. पाठीचे परही काढावेत. लहान मुलांसाठी चांगला शिजवून, कुस्करून द्यावा. हळद-मीठ लावून कडक उन्हात वाळवला, तर पुढे कामाला येतो. मातीत वाळत घालू नका. चटईवर किंवा जाळीवर घाला.

पण सगळाच उपसून घेऊ नका. जून-जुलैत विणीचे दिवस असतात, तेव्हा मच्छरदाणीचं कापड ओढणं बंद ठेवा. अंड्यांवरची मादी सोडली, तर दिवाळीपर्यंत तळं पुन्हा भरतं. काठाचं देशी पाणगवतही समूळ उपटू नका. बेशरम जरूर काढा, पण पाण्यातल्या ज्या झाडोऱ्याला माशांची अंडी चिकटतात, तो थोडा राखा.

रंगवलेला मासा घेऊ नका

शहरात काचेच्या पेटीत ठेवायला हा मासा विकला जातो. कधी त्याच्या अंगात गुलाबी, हिरवी, पिवळी रेघ दिसते. तो रंग जन्माचा नसतो. सुईनं टोचून घातलेला असतो. त्यात पुष्कळ मासे मरतात, उरलेल्यांना रोग जडतात आणि रंगही काही महिन्यांत विरतो. कुणी तळ्यातले मासे अशा कामासाठी मागितले, तर देऊ नका.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. जिरे सोडायच्या संगोपन तळ्यात एकही काचमासा नको.

२. गावतळ्यात पेंड टाकू नका. मोठी बोटुकली सोडा आणि गोल काचमासा राहू द्या.

३. लांबट, पुढे आलेल्या जबड्याचा काचमासा वाढला, तर जाळ्यानं कमी करा.

४. कीटकनाशक पाण्यात कधीही नाही.

५. विणीच्या दिवसांत बारीक जाळं बंद.

६. घरात आलेला काचमासा आधी मुलांच्या ताटात.

तेव्हा मंडळी, ओंजळीत मासे घेऊन कुणी आला, तर पेंडीचं पोतं उघडायच्या आधी मासा उन्हाकडे धरा. गोल आहे की लांबट, ते बघा. तळं कुणाकुणाचं आहे, ते आठवा. मग ठरवा. बरं तर, रामराम!