मोठा पंप, मोठे गैरसमज

टेक्सास, मोंटाना, वायोमिंग अशा राज्यांत डिझेल पिकअप आठवडाभर शेतावर राबते आणि सुटीच्या दिवशी घोड्यांचा ट्रेलर नाहीतर बोट ओढत निघते. फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम या कंपन्यांच्या या गाड्या, सहा-सात लिटरची इंजिनं, आणि बॉनेटखाली मनासारखा फेरफार केल्याशिवाय चैन न पडणारे मालक. फेरफारांत वरचा मान इंधनपुरवठ्याचा असतो: मोठा लिफ्ट पंप, जादा फिल्टर, टाकीच्या तळाला सम्प, वेगळ्या जातीचा हाय प्रेशर पंप, मोठी नोझल्स. ऐकीव ज्ञानही याच भागाबद्दल सगळ्यांत जास्त.

आधी रचना पाहू. टाकीतलं डिझेल लिफ्ट पंप पुढे ढकलतो. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये त्यालाच फीड पंप म्हणतात. तिथून ते फिल्टरमधून हाय प्रेशर पंपाकडे जातं. कॉमन रेल इंजिनात हा पंप डिझेल प्रचंड दाबानं एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये भरतो आणि इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात. किती फवारायचं आणि किती वेळ, हे गाडीचा संगणक ठरवतो. हे हाय प्रेशर पंप बहुतांशी बॉश या जर्मन कंपनीचे. नाशिककरांना ती परकी वाटायला नको. तिच्या सातपूरच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनतात, आणि कंपनीचं जुनं नाव मायको सर्कलमुळे अजून रोज तोंडात असतं.

पहिला समज असा, की मोठा लिफ्ट पंप बसवला की गाडीची ताकद वाढते. बाजारात ताशी १०० गॅलन, १५० गॅलन, २०० गॅलन असे पंप मिळतात आणि आकडा जितका मोठा तितका मालक खूश. पण हिशेब करून पाहावा. ताशी १०५ किलोमीटरनं हमरस्त्यावर चाललेली अशी पिकअप तासाला साधारण १५ लिटर डिझेल पिते. ४०० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात चालवलं तरी ७५ लिटरच्या आसपास. १५० गॅलनचा पंप मात्र तासाला ५७० लिटर देऊ शकतो. उरलेलं डिझेल टाकीत परत जातं. दाबाचंही तेच. लिफ्ट पंप देतो १० पीएसआयच्या आसपास. जनरल मोटर्सच्या २००६ सालच्या ड्युरामॅक्स इंजिनाच्या रेलमध्ये दाब असतो २६,००० पीएसआय. दहाचे पंधरा झाले म्हणून रेलच्या दाबात काही फरक पडत नाही. ताकद वाढते ती जास्त डिझेल फवारलं तर, आणि त्यासाठी संगणकातला प्रोग्रॅम किंवा नोझल बदलावी लागते. इतकी ताकद वाढवल्यावर मूळ पुरवठा अपुरा पडू लागला, तर मोठा लिफ्ट पंप उपयोगी. तोवर तो फक्त डिझेल टाकीतून काढून टाकीत सोडण्याचं काम इमानानं करत राहतो.

मग लिफ्ट पंप बदलणं म्हणजे निव्वळ हौस? असंही नाही. रॅमच्या (तेव्हाच्या डॉजच्या) जुन्या गाड्या पाहा. त्यांच्यात कमिन्सचं इंजिन असतं. पुण्यात कमिन्स म्हटलं की कोथरूड आठवतं, ही इंजिनं मात्र अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, कोलंबसजवळ बनतात. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या ५.९ लिटर इंजिनावर बॉशचा व्हीपी-४४ हा रोटरी पंप होता. त्याला वंगण आणि थंडावा दोन्ही मिळतात ते डिझेलकडूनच. कंपनीनं दिलेला लिफ्ट पंप कमकुवत होता आणि तो मेला तरी चालकाला कळत नसे, कारण व्हीपी-४४ स्वतःच डिझेल ओढून इंजिन चालू ठेवी. डॅशबोर्डवर पुरवठ्याचा दाब दाखवणारा काटाच नव्हता. असा उपाशी पंप तापत, झिजत काही दिवस चाले आणि मग एकाएकी बंद पडे. एका स्वस्त पंपापायी हजार डॉलरच्या वरचा पंप गेला, हे त्या पिढीच्या मालकांना पाठ आहे. या गाडीला चांगला लिफ्ट पंप आणि दाबाचा गेज ही खरीच गरज आहे.

यातूनच उलटा गैरसमज जन्मला: दाब जितका जास्त तितका बरा. पंप कुठला, यावर सगळं अवलंबून असतं. १९९४ ते १९९८ च्या कमिन्सवरच्या पी-७१०० या यांत्रिक इनलाइन पंपाला २५-३५ पीएसआय मानवतात. व्हीपी-४४ ला मात्र दहा ते पंधरा पुरतात. फोर्डच्या २००३ ते २००७ च्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोकमध्ये दाब ४५ पीएसआयच्या खाली गेला की इंजेक्टरांना धोका असतो. म्हणून रेग्युलेटरमधली एक स्प्रिंग बदलून तो वाढवतात. हा बदल इंधनपुरवठ्यातला बहुधा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत सार्थ म्हणावा लागेल. शेजाऱ्याच्या गाडीवर चाललेला आकडा आपल्या गाडीवर लावणं हे शेजाऱ्याची औषधं खाण्यासारखं आहे.

ड्युरामॅक्सचं प्रकरण निराळंच. २००१ मध्ये आलेलं हे इंजिन जनरल मोटर्स आणि जपानच्या इसुझु यांच्या भागीदारीतलं, ओहायो राज्यात मोरेन इथे बनणारं. त्यात २०१६ पर्यंत लिफ्ट पंप नव्हताच. इंजिनावरचा हाय प्रेशर पंपच टाकीतून डिझेल ओढून घेई. दाब असलेल्या नळीला चीर पडली तर डिझेल बाहेर गळतं आणि डाग दिसतो. ओढणाऱ्या नळीला चीर पडली तर डिझेल गळत नाही, हवा आत जाते आणि बाहेर काहीच दिसत नाही. सकाळी गाडी उशिरा सुरू होणं, चढावर दम टाकणं, फिल्टर बदलल्यावर हवा काढत बसणं हे सगळं इथून येतं. लिफ्ट पंप बसवला की नळीत दाब येतो आणि चीर असली तर ती गळून स्वतःच पत्ता सांगते. ड्युरामॅक्सला लिफ्ट पंपाचा खरा फायदा हा. २०१७ च्या नव्या इंजिनात जनरल मोटर्सनंच टाकीत पंप दिला.

मात्र या इंजिनाच्या पहिल्या पिढीतले, म्हणजे एलबी-७ चे इंजेक्टर लिफ्ट पंप नसल्यामुळेच मेले, असं जे सर्रास सांगतात ते तपासून घ्यावं. ते इंजेक्टर आतून तडकत आणि डिझेल परतीच्या वाटेनं किंवा इंजिन ऑइलमध्ये झिरपे. दोष इतका पसरलेला होता, की कंपनीला त्यांची वॉरंटी ७ वर्षं किंवा २ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. दोष इंजेक्टरमध्ये असेल, तर टाकीजवळ पंप लावून तो जात नाही.

आता मुख्य प्रकरण: बॉशचा सीपी-४. अमेरिकी पिकअपवाल्यांत या नावाला जितक्या शिव्या मिळतात तितक्या दुसऱ्या कुठल्या सुट्या भागाला मिळत नसतील. आधीच्या सीपी-३ मध्ये तीन पिस्टन होते आणि ते सपाट टॅपेटवर चालत. २०११ पासून फोर्डच्या ६.७ लिटर आणि जनरल मोटर्सच्या ६.६ लिटर इंजिनांवर सीपी-४.२ आला. यात दोनच पिस्टन, आणि टॅपेटला खाली रोलर, जो कॅमवरून फिरतो. रोलर कॅमच्या रेषेत आहे तोवर सगळं ठीक. टॅपेट आपल्या जागी किंचित जरी वळला, तरी रोलर फिरायचा थांबून आडवा घासतो. मग लोखंडाचा बारीक चुरा पडू लागतो आणि तो रेलमध्ये, आठही इंजेक्टरमध्ये आणि परतीच्या नळीतून टाकीतही जातो. मग एकटा पंप बदलून भागत नाही. पंप, रेल, नळ्या, इंजेक्टर सगळंच नवं आणि टाकी धुणं. बिल सहज आठ-दहा हजार डॉलरवर जातं.

लिफ्ट पंप लावला की सीपी-४ वाचतो, हा समज या भीतीतूनच आला. विकणारेही तो आनंदानं पसरवतात. त्याच्यात अर्धं सत्य आहे: डिझेलमधली हवा वंगण तोडते आणि लिफ्ट पंप हवा कमी करतो. पण उरलेलं अर्धं रॅमनं दाखवून दिलं. २०१९ आणि २०२० च्या ६.७ लिटर कमिन्सवर रॅमनं सीपी-३ सोडून सीपी-४ घेतला. या गाड्यांच्या टाकीत कंपनीचाच लिफ्ट पंप होता. तरीही पंप फुटू लागले, चालत्या गाड्या बंद पडू लागल्या आणि २०२१ च्या अखेरीस दोन लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. उपाय काय केला, तर सीपी-४ काढून पुन्हा सीपी-३ बसवला. जनरल मोटर्सनं २०११ ते २०१६ च्या गाड्यांवरून चाललेल्या मिशिगनमधल्या सामूहिक दाव्यात पुढे ५ कोटी डॉलरची तडजोड केली. पुरवठा चांगला असण्यानं हा पंप जास्त टिकू शकतो. त्याच्या पोटातला टॅपेट वळणारच नाही, याची हमी कुठलाच लिफ्ट पंप देऊ शकत नाही.

अशाच गोंधळात बायपास किट येतं. त्याला नाव दिलंय ‘डिझास्टर प्रिव्हेन्शन किट’, त्यामुळे ते लावलं की पंप मरत नाही असं वाटतं. किट पंपाला वाचवत नाही. कॅमच्या कप्प्यातून आलेलं डिझेल ते थेट टाकीकडे वळवतं, आणि पिस्टनकडे जाणारं डिझेल त्या कप्प्यातून जाऊच देत नाही. पंप मेलाच तर चुरा रेलपर्यंत आणि इंजेक्टरांपर्यंत पोचत नाही. म्हणजे दहा हजारांचं संकट एका पंपाच्या खर्चावर निभावतं. विमा म्हणून ते उत्तम आहे, औषध म्हणून नाही.

सीपी-४ अमेरिकेतच इतका का फुटला, याचं एक कारण तिथल्या डिझेलमध्ये शोधलं जातं. २००६ पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या डिझेलमधलं गंधक ५०० वरून १५ पीपीएमवर आलं. ‘गंधक गेलं म्हणून वंगण गेलं’ हे वाक्य तिथे प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं. पण गंधक स्वतः वंगण नव्हतंच. गंधक काढण्यासाठी डिझेलवर हायड्रोजनची जी प्रक्रिया करतात तिच्यात वंगणाचे नैसर्गिक घटकही निघून जातात. म्हणून रिफायनरीतून निघाल्यावर पुन्हा ॲडिटिव्ह घालावं लागतं. किती घालायचं याचं मोजमाप म्हणजे प्रयोगशाळेत डिझेलमध्ये बुडवून घासलेल्या पोलादी गोळीवरचा ओरखडा. युरोपचं प्रमाण जास्तीत जास्त ४६० मायक्रॉन, अमेरिकेचं ५२०. युरोपच्या डिझेलसाठी आखलेला पंप थोड्या कोरड्या डिझेलवर चालवायचा, म्हणजे चुकीला जागा आणखी कमी. भारताचं बीएस-६ डिझेल १० पीपीएम गंधकाचं आणि ४६० मायक्रॉनच्या मर्यादेचं आहे, त्यामुळे तिकडची ही भीती इकडे जशीच्या तशी आणण्याचं कारण नाही.

यावरचा घरगुती तोडगा म्हणजे टाकीत टू-स्ट्रोक ऑइल किंवा गिअरचं तेल ओतणं. १९९० च्या दशकातल्या यांत्रिक पंपाला ते खपून जात असेल. २००७ नंतरच्या गाडीत धूर गाळणारा डीपीएफ असतो; तेलातल्या धातूंची राख त्याच्यात साठते आणि ती काजळीसारखी जळून जात नाही. त्यापेक्षा एक-दोन टक्के बायोडिझेल वंगण बरंच वाढवतं आणि अमेरिकी प्रमाणानुसार नेहमीच्या डिझेलमध्ये ते ५ टक्क्यांपर्यंत चालतं.

सम्पबद्दलही दोन शब्द. टाकी पाव भरलेली असताना मोठ्या पंपाला फेस मिळतो, म्हणून टाकीच्या तळाला भोक पाडून तिथून डिझेल घेतात. थेंब न् थेंब वापरता येतो हे खरं, पण तळाशी पाणीही साठतं आणि आता तेच आधी ओढलं जातं. पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल, तर हा सौदा तोट्याचाच.

कायद्याबाबत दोन टोकाचे समज आढळतात. एक, बाहेरचा भाग लावला की वॉरंटी गेलीच. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे नुसता बाहेरचा भाग लावला म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला हे तिला दाखवावं लागतं. दुसरं टोक म्हणजे आपल्या गाडीला काहीही करायला आपण मोकळे. लिफ्ट पंप लावणं एक आणि ताकद वाढवण्याच्या नादात डीपीएफ काढून प्रोग्रॅम बदलणं दुसरं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २०२० मध्ये अंदाज मांडला, की आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा मालकांनी काढून टाकली. म्हणजे अशा सुमारे १५ टक्के गाड्या. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच: नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही.

यातलं काहीही विकत घेण्याआधी फिल्टरच्या पुढे दाबाचा गेज लावावा, आणि लिफ्ट पंप नसलेल्या ड्युरामॅक्सवर व्हॅक्यूमचा. ट्रेलर भरून लांब चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायचा आणि काटा बघायचा. तो गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यापाशी टिकला, तर पुरवठा ठीक आहे आणि पैसे दुसरीकडे लावावेत. घसरला, तर आधी फिल्टर बदलून त्याच चढावर पुन्हा जायचं. मग टाकीपासूनच्या नळ्या आणि जोड तपासायचे. पंपाच्या दुकानात जायची वेळ त्यानंतरही काटा घसरत असेल तर.